मशीनवर सुचतं, घरी पोचेपर्यंत जातं. तुम्ही कसं टिपून ठेवता?

तिसरी घंटा
मंडळी, नमस्कार. कुपवाड एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा दाबून भाग काढतात तिथे. वर्षाकाठी एक नाटक लिहितो, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धेसाठी. ग्रुपमधले सगळे माझ्यासारखेच शिफ्टवाले, त्यामुळे तालमी रात्री दहानंतर आणि लिखाण जमेल तेव्हा.

अडचण अशी की मला जे सुचतं ते मशीनपाशी. घरी वही उघडून बसलो की डोकं कोरं करकरीत. ऑटो फीडची प्रेस आहे, पत्र्याची कॉइल चढवली की बघत उभं राहायचं, स्ट्रोक मोजल्यासारखे पडत राहतात आणि पात्रं बोलायला लागतात. पण फोन गेटवर लॉकरमध्ये, हातात मोजे, मोजे काढले तरी बोटं तेलकट. मग सुचलेलं वाक्य तोंडात घोळवत चहाच्या सुट्टीपर्यंत न्यायचं. मध्येच कोणीतरी येऊन डायचं (साच्याचं) विचारतो आणि खेळ खलास. परवा टाइमकीपरचं एक वाक्य गेलं. त्यात 'पंचिंग' हा शब्द होता आणि थिएटर हसलं असतं, एवढंच आता आठवतंय. आशय राहतो हो, वाक्य जातं. नुसता आशय घेऊन नटाला काय देऊ?

दुसरी अडचण, जे लिहिलं जातं त्याची. जॉब कार्डाची पाठ, कॅन्टीनची कुपनं, मिळेल त्यावर लिहितो. घरून श्रीखंडाचा रिकामा डबा मिळालाय, त्यात सगळं टाकतो. लिहायला बसताना डबा पालथा केला की निम्म्या चिठ्ठ्या परक्या वाटतात. एकीवर माझ्याच अक्षरात आहे: 'मामा – खुर्ची – नाही म्हणतो'. कोण मामा? कसली खुर्ची?

तर लिहून कसं घ्यायचं, आणि घेतलेलं लावायचं कुठे?

कॉफीबाज
गुगल कीप घ्या. मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ पासून आहे, बोला आणि मोकळे व्हा.

तिसरी घंटा
अहो, फोन गेटवर असतो. वर लिहिलंय.

कॉफीबाज
हां, सॉरी, घाईत वाचलं. मग सुट्टी झाली की गेटबाहेर, गाडीला किक मारायच्या आधी बोलून टाका. आधी घरी जाऊ, जेवू, मग बघू असं केलंत की गेलं.

एक मात्र सांगतो, मराठीत नोंदी ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी. सर्चवर विसंबू नका. नोंदीत 'पावसात' असेल तर 'पाऊस' टाकून ती सापडत नाही. 'विहीर' शोधलं तर 'विहिरीत' लिहिलेलं येत नाही, 'मासा' शोधला तर 'माशाला' येत नाही. ॲप अक्षरं जुळवतं, त्याला आपलं सामान्यरूप कळत नाही. म्हणून मी प्रत्येक नोंदीच्या शेवटी मूळ शब्द सुटा टाकतो: पाऊस, विहीर, मासा. कंटाळवाणं आहे, पण दोन वर्षांपूर्वीचं पाच सेकंदांत हाताला लागतं.

जमाखर्च
मी पतसंस्थेत हिशेबनीस होते, आता निवृत्त. कथा लिहिते, दिवाळी अंकांत कधीमधी येतात. ॲपबिप मला जमत नाही असं नाही, आवडत नाही.

तिसरी घंटा, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि तुम्ही ते एकाच डब्यात कोंबलेत. हिशेबात यासाठी दोन वह्या असतात. रोजकीर्दीत जे घडलं ते घडलं त्या क्रमाने, तारखेखाली. खतावणीत तेच ज्याच्या त्याच्या खात्यावर. काउंटरला रांग असताना कोणी खतावणी काढून बसत नाही, ते काम गर्दी ओसरल्यावरचं. मी कथांसाठी हेच करते.

कीर्द म्हणजे खिशात किंवा पर्समध्ये मावणारी वही. पहिला शब्द लिहायच्या आधी सगळ्या पानांना आकडे घालायचे. उजवीकडे एक बारीक रकाना आखायचा, त्यावर 'खा. पा.', म्हणजे खाते पान. सुचलं की तारीख टाकून लिहायचं, आणि लिहायचं ते क्रियापदासकट पूर्ण वाक्य. तुमची ती मामाची चिठ्ठी म्हणजे रक्कम न घातलेली पावती आहे. कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि त्याच्या लगेच आधी काय झालं, एवढं तरी हवंच. त्याला जास्तीचं अर्धं मिनिट लागतं. आणि जॉब कार्डावर लिहावं लागलंच, तर ते कार्ड त्याच दिवशी कीर्दीत चिकटवायचं. सुटा कागद रात्री सुटा राहता कामा नये.

खतावणी रविवारी सकाळी. इथे बहुतेक लोक 'प्रेम', 'राजकारण', 'समाज' अशी खाती उघडतात आणि ती कायमची मेलेली राहतात. विषयाची खाती उघडूच नका. माझी खाती अशी: एकेका माणसाचं पान (रेशन दुकानातली बाई, आमचा जुना शिपाई), भांडणं, कानावर पडलेलं बोलणं, जागा, पहिली वाक्यं. खतवताना सगळं उतरवून काढायचं नाही, 'की. १४' (कीर्दीचं पान १४) आणि चारपाच शब्द. पूर्ण मजकूर उतरवायला घेतला की तिसऱ्या रविवारी कंटाळा येतो आणि वही बंद पडते, हे मी नव्या कारकुनांच्या बाबतीतही पाहिलंय. मग कीर्दीतल्या खा. पा. रकान्यात खतावणीचं पान लिहायचं. रकाना रिकामा दिसला की ती नोंद खतवायची राहिली. शोधाशोध नाही.

आणि जे कुठेच बसत नाही त्याला उचंत खातं. ऑडिटर आला की पहिलं बोट तिथेच ठेवतो, कारण कुठली रक्कम कशाची हे ठरवायचा कंटाळा केलेला असतो तो तिथे साठतो. पतसंस्थेत मार्चअखेर उचंत निल करावं लागे. घरी मी ते जूनमध्ये काढते, दिवाळी अंकांचं लिखाण सुरू करायच्या आधी. खरं सांगू का, माझ्या बऱ्या कथा बहुतेक तिथूनच निघाल्यात. एका लग्नात पंगतीत वाढपी एकाच माणसाला पुन्हा पुन्हा जिलबी वाढत होता, ती एक नोंद. दुसरी, एसटीत खिडकीची जागा रिकामी असताना उभी राहिलेली बाई. दोन्ही वर्षभर उचंतच्या एकाच पानावर पडून होत्या. जूनमध्ये ती बाई त्या वाढप्याची बायको झाली आणि कथा चालायला लागली. वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर असत्या तर भेटल्या नसत्या.

'आज छान संध्याकाळ होती' असलं काही कीर्दीत घेऊ नका. त्याला डायरी असते.

आगाऊ कार्टा
एवढं सगळं? चांगली कल्पना असेल तर परत येतेच. विसरली ती विसरण्याच्याच लायकीची. निम्मे लेखक वह्या आखण्यातच म्हातारे होतात.

बाडबिस्तरा
कार्ट्या, वह्या आखण्याबद्दल सहमत. विसरण्याबद्दल नाही. डार्विनने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की आपल्या निष्कर्षाच्या विरोधात जाणारी गोष्ट वाचनात आली किंवा मनात आली, की तो ती न चुकता आणि तत्काळ टिपायचा. कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी जास्त सहज विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. म्हणजे परत येतं ते सोयीचं येतं. नाटकवाल्याला तर गैरसोयीचंच हवं असतं. त्याच्याकडेही जमाखर्च ताईंसारखी खाती होतीच: लेबलं लावलेल्या कप्प्यांत तीस-चाळीस मोठे पोर्टफोलिओ, म्हणजे कागद ठेवायच्या फायली, सुटी नोंद हातात आली की थेट त्यात.

चिठ्ठ्यांनाही नावं ठेवायचं कारण नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशाचं काम चाललंय. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. त्या उपयोगाच्या का? कारण शब्दाबरोबर तो कुठल्या ग्रंथात, कुठल्या ठिकाणी आला हे चिठ्ठीवरच असतं. जर्मनीतला समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान याच्याकडे ९० हजारांच्या आसपास चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीला क्रमांक, आणि दुसरीकडे जायचं तर तिचा क्रमांक हिच्यावर. ताईंच्या 'की. १४' सारखंच. तुमच्या डब्यात पत्ता नाही, एवढंच बिघडलंय.

आता पहिला प्रश्न, ज्याला अजून कोणी हात घातला नाही. दोन्ही हात अडकलेले असताना सुचलेलं कसं धरून ठेवायचं? आपल्याकडे बायकांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलंय, जात्यावर. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून जास्त भरल्या. रचणाऱ्या कित्येक जणींना लिहिता येत नव्हतं. खुंटा फिरतोय त्या लयीत ओळ बसवली की ती सुटत नाही. तुमच्याकडे तर प्रेसचा ठोका आयता आहे. वाक्य सुचलं की ते स्ट्रोकवर बसवा, चारपाच वेळा म्हणा, आणि सुट्टीत फक्त उतरवून घ्या.

तिसरी घंटा
बाडबिस्तरा, हे जबरदस्त आहे. सेकंड शिफ्टला करून बघितलं. आमच्या प्रेसचा ठोका साधारण आठ अक्षरांचा पडतो, लांब वाक्य मोडावंच लागतं. "साहेब, माझी रजा मंजूर / आणि कारण नामंजूर?" हे साडेसातपासून नऊच्या जेवणापर्यंत टिकलं, मध्ये कॉइल बदलूनसुद्धा. शेजारच्या मशीनवाल्याने विचारलं, काय पुटपुटतोस? त्याला यंदा भूमिकाच देणार आहे.

बॉलपेन तेलकट कागदावर उठत नाही, म्हणून स्टोअरमधून सुतारी पेन्सिलचा तुकडा आणलाय. चपटी असते, ट्रॉलीवरून गडगडत नाही.

जमाखर्च ताई, एक विचारतो. नाटकाला खाती कशी उघडायची, प्रवेशावर की पात्रावर? आणि वाक्य टाइमकीपरचं, पण भांडणातलं असेल तर ते कुठे?

जमाखर्च
पात्रावर. प्रवेशाचं खातं आत्ता नको. तुम्ही तालमीत प्रवेश उडवाल, मागेपुढे कराल आणि सगळे पानांचे आकडे चुकतील. टाइमकीपर मात्र शेवटपर्यंत असणार.

भांडणातलं वाक्य दोन्ही खात्यांवर खतवा, टाइमकीपर आणि भांडणं. एक नोंद दोन खात्यांत जाणं हे हिशेबाला नवीन नाही. रकाना थोडा रुंद आखा म्हणजे दोन्ही पानं मावतील.