चर्चा : वहिवाटीची वाट पक्की करायला शेजाऱ्याला विचारायचे का?

बांधावरचा :
‘वहिवाट सिद्ध झाली की वाट आपलीच, मुरूम टाका, काँक्रीट ओता, कुणाला विचारायचे कारण नाही,’ असे परवा एकाने येथे ठणकावून लिहिले आणि त्यावर टाळ्याही पडल्या. माझ्या रानातून अशी वाट जाते, म्हणून उत्तर देणे भाग आहे. वहिवाटीने, म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापराने, जाण्यायेण्याचा हक्क मिळतो, जमीन मिळत नाही. अशा हक्कांचा कायदा म्हणजे सुविधाधिकार अधिनियम, १८८२. त्यातील कलम २३ वापराची पद्धत बदलू देते खरे, पण दुसऱ्याच्या जमिनीवर जादा भार पडणार नसेल तरच. आणि एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही, हे कलम २८ मध्ये स्पष्ट आहे. वीस वर्षे पायी गेलात म्हणून एकविसाव्या वर्षी ट्रक नेता येत नाही.

गाडीवाट :
त्याच कायद्याचे कलम २४ आपण सोयीस्कररीत्या गाळलेत. हक्काचा पूर्ण उपभोग घेण्यासाठी जे काम आवश्यक असेल, ते करण्याची मुभा ते कलम देते. आमची वाट पहिल्यापासून गाडीचीच आहे. गेल्या पावसाळ्यात भरलेली ट्रॉली आसापर्यंत रुतली आणि दोन दिवस तशीच उभी राहिली. नंतर मी स्वखर्चाने मुरूम टाकला, तर शेजाऱ्याने रात्रीतून त्यावर नांगर फिरवला. मुरूम टाकणे हाही ‘जादा भार’च का?

बांधावरचा :
नांगर फिरवणे चूकच. हक्काला अडथळा करू नये, असे कलम २७ सांगते. पण मुरुमाने काय होते तेही ऐका. माझ्या शेजाऱ्याने दर वर्षी थर चढवत वाट दीड हात उंच केली, पाणी वाटेखालून जायला मोरी मात्र घातली नाही. उताराचे पाणी अडले, आठवडाभर दोन वाफ्यांत तळे साचले आणि तुरीची मुळे काळी पडली. त्याची ट्रॉली सुखरूप गेली, माझे पीक गेले.

जुना कारकून :
दोघेही कलमे फेकत आहात, म्हणून थोडे बोलतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे अडथळा दूर करून मागता येतो, तोही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. काँक्रीट करू द्या, अशी मागणी तेथे चालत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. बांधावरून नवा रस्ता मागण्याचे महसूल संहितेचे कलम १४३ आणि वहिवाट यांची खिचडी करणारे अर्ज वाचण्यात माझी उमेद गेली, ते येथे तरी करू नका.

गाडीवाट :
विषय मोरीचा चालला आहे. खर्च कोणाचा, एवढेच सांगा.

जुना कारकून :
वाट वापरणाऱ्याचा, सुविधाधिकार कायद्याचे कलम २५. शेजाऱ्याला कमीत कमी गैरसोय होईल अशा रीतीने काम करायचे आणि त्यातून झालेले नुकसान शक्य तितके दुरुस्त करून द्यायचे, हेही त्याच कलम २४ मध्ये लिहिले आहे. तो भाग आपण गाळलात.

बांधावरचा :
आणि मोरी तुंबली तर? पहिल्याच पावसात तिच्यात गाळ भरतो आणि काढायला कुणी फिरकत नाही.

जुना कारकून :
बांधलेल्या कामाची देखभाल न केल्याने नुकसान झाले, तर भरपाई वापरणाऱ्यानेच द्यायची, कलम २६.

गाडीवाट :
म्हणजे मुरूम आमचा, मोरी आमची, गाळ आमचा आणि तक्रार तेवढी यांची. कायदा तसाच असेल तर मान्य करतो. पण वाट कोरडी ठेवण्यासाठी परवानगीची भीक मागणार नाही.

बांधावरचा :
मागू नका. मोरी योग्य जागी घाला, गाळ काढा, वाटेची रुंदी वाढवू नका. मग मुरूम मलाही खुपणार नाही. काँक्रीटला मात्र माझा विरोध कायम आहे.

गाडीवाट :
हे आपल्या शेजाऱ्याला कधी सांगितलेत का, की सगळा समजूतदारपणा येथेच दाखवायचा असतो?

बांधावरचा :
आमचे बोलणे तीन वर्षांपासून बंद आहे. निरोप वकिलांमार्फत जातात.