जुन्या प्लेटसेटरचा एक्सपी संगणक नव्या स्विचवर नीट चालत नाही

प्रश्न (छापखाना, अक्कलकोट रोड)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा ऑफसेट छापखाना असून टॉवेल-चादरींची लेबले आणि पॅकिंगचे खोके हे आमचे मुख्य काम आहे. आमचा जुना थर्मल प्लेटसेटर (संगणकातून थेट छपाईची प्लेट तयार करणारे यंत्र) विंडोज एक्सपीच्या संगणकावर चालतो, आणि त्याचे सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नसल्यामुळे तो संगणक बदलता येत नाही. रिप (पानाची प्लेटसाठी ठिपक्यांची प्रतिमा करणारे सॉफ्टवेअर) ज्यावर आहे तो विंडोज ७ चा संगणक इतकी वर्षे क्रॉसओव्हर केबलने थेट त्याला जोडलेला होता. गेल्या आठवड्यात विंडोज ११ चा नवा संगणक घेतला आणि तिन्ही संगणक एका नव्या गिगाबिट स्विचवर (संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीवर) आणले.

तेव्हापासून नव्या संगणकावरून एक्सपीला पाठवलेल्या पिंगचे (जोडणी तपासण्याच्या छोट्या संदेशाचे) उत्तर मिळते, पण शेअर केलेला फोल्डर उघडत नाही. विंडोज ७ वरून फोल्डर उघडतो, परंतु प्लेटच्या प्रतिमेची जी टिफ फाइल पूर्वी मिनिटभरात जात असे तिला आता अर्धा तास लागतो. केबल दोनदा बदलून पाहिली. सध्या पेनड्राइव्हची वारी चालू आहे. दोष स्विचचा समजावा का?

उत्तर १

स्विच परत करण्याची घाई करू नये. आपण सांगितलेली लक्षणे एका दोषाची नसून दोन वेगळ्या दोषांची दिसतात, आणि ते एकाच दिवशी समोर आल्यामुळे गोंधळ झाला आहे.

आधी वेग पाहू. २० × ३० इंचांची प्लेट २४०० डीपीआयला असेल, तर एक-बिट टिफ कॉम्प्रेस न करता एका रंगाला सुमारे ४३२ एमबी होते. १०० मेगाबिटच्या जोडणीवर तिला पाऊण मिनिटाच्या आसपास लागावे. म्हणजे आपला पूर्वीचा अनुभव बरोबर आहे. माझी शंका अशी की, थेट जोडणी करताना कोणी तरी एक्सपीच्या नेटवर्क कार्डावर ‘१०० मेगाबिट, फुल डुप्लेक्स’ (म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी देवाणघेवाण) असे हाताने पक्के करून ठेवले असावे. दोन्ही टोकांना तीच सेटिंग असताना त्यात काही बिघडत नाही. मात्र स्विच ऑटोवर असतो, म्हणजे वेग आणि डुप्लेक्स तो समोरच्या कार्डाशी वाटाघाट करून आपोआप ठरवतो. समोरचे कार्ड वाटाघाटीला उत्तर देत नसल्यामुळे त्याला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो. मग एक बाजू बोलत असताना दुसरीही बोलू लागते, पॅकेट (डेटाचे तुकडे) वाया जातात आणि पुन्हा पाठवावी लागतात. पिंगची पॅकेट लहान आणि तुरळक असल्यामुळे ती सुखरूप जातात, म्हणूनच पिंगवर विसंबून केलेली तपासणी येथे फसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक्सपीच्या कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवर ठेवा आणि विंडोज ७ च्या कार्डावरही तेच पाहा. कार्ड मात्र बदलू नका. काही सॉफ्टवेअरचे परवाने कार्डाच्या मॅक पत्त्याशी (त्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेले असतात.

फोल्डर न उघडण्याचे कारण निराळे आहे. एक्सपीला फाइल शेअरिंगसाठी विंडोज वापरते त्या एसएमबी या पद्धतीची फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती व्हिस्टापासून आली. विंडोज ७ ला दोन्ही येतात. विंडोज ११ मध्ये पहिली आवृत्ती मुळात बसवलेली नसते; ‘विंडोज फीचर्स’मधून ती चालू करता येते.

उत्तर २

डुप्लेक्सबद्दल पूर्ण सहमत आहे, पण शेवटच्या सूचनेला माझी हरकत आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पहिल्या एसएमबीतील त्रुटीमुळे. एक्सपीचा नियमित आधार तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. इंटरनेट, ईमेल आणि गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह ज्या संगणकावर येतात, त्यावर ही जुनी खिडकी उघडून ठेवू नये.

त्यापेक्षा नव्या संगणकावर एफटीपी (फाइल पाठवण्या-आणण्याची जुनी पद्धत) सर्व्हर बसवा आणि एक्सपीतील एफटीपी आज्ञेने फाइल तिकडून ओढून घ्या. ही आज्ञा मुळात मजकुराच्या पद्धतीने फाइल आणते, म्हणून आधी ‘बायनरी’ असे सांगावेच लागते, नाही तर टिफ खराब होते. फाइल थेट हॉट फोल्डरमध्येही (ज्यातून प्लेटसेटर फाइल आपोआप उचलतो त्या फोल्डरमध्ये) उतरवू नका, कारण अर्धवट आलेली फाइल प्लेटसेटर उचलू शकतो. त्याच डिस्कवरील दुसऱ्या फोल्डरमध्ये ती पूर्ण येऊ द्या आणि मग हलवा. एक्सपीला स्थिर आयपी द्या, गेटवेची (बाहेरच्या नेटवर्कला जाणाऱ्या वाटेच्या पत्त्याची) जागा रिकामी ठेवा, म्हणजे तो इंटरनेटवर जाणारच नाही. आणि हे सर्व करण्याआधी त्याच्या हार्डडिस्कची प्रत काढून ठेवा, कारण ती गेली तर नेटवर्क दुरुस्त असूनही प्लेट निघणार नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. एक्सपीचे कार्ड खरोखरच ‘१०० फुल’वर होते, आणि विंडोज ७ चेही. दोन्ही ऑटोवर नेल्यावर तीच फाइल ५० सेकंदांत गेली.

एफटीपीने थोडा त्रास दिला. लॉगिन होई, पण फाइल येईना. एक्सपीची ती आज्ञा ॲक्टिव्ह पद्धतीनेच चालते, म्हणजे फाइल देण्यासाठी सर्व्हर उलट एक्सपीकडे जोडणी उघडतो, आणि तीच फायरवॉल अडवत होती. तेथे परवानगी दिल्यावर काल खोक्याच्या चारही रंगांच्या प्लेट नव्या संगणकावरून निघाल्या. हार्डडिस्कची प्रत रविवारी मशीन बंद असताना काढणार आहे. विंडोज ७ चा संगणक मात्र लग्नसराईची कामे हातावेगळी होईपर्यंत आहे तेथेच राहील.