१८ हजारांची एकाच बॅरलची रम, घेऊ का?

रावेरचा_केळीवाला:
मंडळी, मनापासून विचारतोय. माझा मोठा साडू लंडनला असतो, दिवाळीला येतोय, म्हणे दोन लिटरपर्यंत ड्युटी न भरता आणता येते, तुला काय आणू सांग. मी आजवर ओल्ड मंकवालाच. पण मागच्या थंडीत शेतात भरीत पार्टी होती, तिथं एका मित्राने जमैकाच्या हॅम्पडेन भट्टीच्या रमची बाटली काढली आणि प्रत्येकाला बोटभर ओतली. ग्लास नाकाजवळ नेला तर भाऊ आमच्या केळी पिकवायच्या खोलीचा वास!! अगदी जास्त पिकलेली केळी, मग अननस, मागून जरा व्हार्निशसारखं. हातातली कळण्याची भाकरी हातातच राहिली. तेव्हापासून वाचतोय. आता साडूने फोटो पाठवलाय, बार्बाडोसची सिंगल कास्क, म्हणजे एकाच बॅरलची रम, १४ वर्षांची, ५६ टक्के अल्कोहोल, वर लिहिलंय २०६ पैकी ८७ नंबरची बाटली. आपले १८ हजार होतात. माझ्यासाठी ही लहान रक्कम नाही. पैसे चवीचे द्यायचेत का त्या नंबराचे, एवढंच सांगा.

मळीवाले_नाना (शहादा):
भाऊ, मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आयुष्य काढलं, मळीचा वास अजून अंगाचा जात नाही, म्हणून सविस्तर लिहितो. त्या हॅम्पडेनमध्ये तुम्हाला केळी लागली ती उगाच नाही. तिथे मळी फार सावकाश आंबवतात आणि भट्टीत मागे उरलेलं आंबट पाणी, त्याला ते डंडर म्हणतात, पुन्हा वापरतात, त्यातून एस्टर, म्हणजे फळांसारखा वास देणारी द्रव्यं, प्रचंड तयार होतात. पिकल्या केळीचा वास हासुद्धा एस्टरचाच.

आता तुमच्या बाटलीचं. नेहमीची रम म्हणजे अनेक बॅरलं एकत्र करून, पाणी घालून दरवर्षी तीच चव आणायची, आणि ते काम सोपं नाही हं, त्याला कमी लेखू नका. सिंगल कास्क म्हणजे एकच पीप, बहुतेक वेळा पाणी न घालता तसंच भरलेलं, त्या लाकडाने जे दिलं ते दिलं, परत तसं मिळणार नाही. साधं बॅरल २०० लिटरचं धरा. कॅरिबियनच्या उष्णतेत वर्षाला ६ टक्क्यांच्या आसपास उडून जातं असं धरलं तर १४ वर्षांनी ८४ लिटर उरतात, म्हणजे ७०० मिलीच्या १२० बाटल्या. तुमच्या २०६ आहेत! म्हणजे एक तर बॅरल मोठं होतं, नाहीतर बरीच वर्षं ते थंड युरोपात पडून होतं, तिथे घट २ टक्केच. १४ वर्षं बार्बाडोसला आणि १४ वर्षं इंग्लंडला यात फार फरक असतो. मागच्या लेबलवर कुठे मुरवली ते लिहिलंय का ते साडूभाऊंना बघायला सांगा, आणि साखर घातलीय का तेही. युरोपात लिटरला २० ग्रॅमपर्यंत चालते, १८ हजार देऊन गोड पाणी कशाला घ्यायचं.

धुळ्याचा_आप्पा:
नाना एकदम बरोबर बोलले. मी फक्त किंमत एवढी का चढते ते सांगतो, कारण ती गोष्ट मला फार लागते. त्रिनिदादमध्ये कॅरोनी नावाची सरकारी भट्टी होती, साखरेचा धंदा बसला आणि २००३ च्या सुमारास ती बंद पडली. आपल्याकडे कारखाना बंद पडला की गेटला कुलूप आणि आत गवत, तसंच. २००४ मध्ये इटलीच्या वेलियर कंपनीचे लुका गार्गानो तिथे गेले तर गोदामात बॅरलं तशीच पडलेली, जुनी, डांबरासारख्या जड वासाची रम. त्यांनी त्यातली बरीचशी पाणी न घालता भरली आणि आता त्या बाटल्यांना लिलावात काय भाव येतो विचारू नका. भट्टीच राहिली नाही तर पुढची बाटली येणार कुठून? तिथे नंबराला अर्थ आहे. पण बार्बाडोसचं तसं नाही, तिथल्या भट्ट्या चालू आहेत.

आणि एक हात जोडून सांगतो, घेतली तर ठेवून देऊ नका. मी अशीच एक भारी बाटली पोराच्या लग्नासाठी ६ वर्षं माळ्यावर ठेवली, आपल्या मे महिन्यात पत्रा कसा तापतो माहीत आहेच. उघडायला गेलो तर बूच हातात भुगा झालं, बाटली तिसरा हिस्सा रिकामी, जी उरली तिला वास नाही. रडू आलं होतं.

धडगावची_बाई:
मी पीत नाही पण लिहिते. नोकरीमुळे सातपुड्यात १२ वर्षं आहे. इथे मार्च-एप्रिलमध्ये बाया पहाटे मोहाची फुलं वेचतात, वाळवतात, प्रत्येक घराची भट्टी वेगळी, म्हाताऱ्या पावरा आजी नुसत्या वासावरून सांगतात ही कुणाच्या घरची. तीसुद्धा परत तशीच होत नाही. तिच्यावर नंबर नाही म्हणून तिला कुणी दुर्मिळ म्हणत नाही, उलट हलकी म्हणतात, याचं मला वाईट वाटतं. केळीवाले दादा, तुम्ही घ्या, पण नाकाने घ्या, लेबल बघून नको.

रावेरचा_केळीवाला:
सगळ्यांचे आभार. साडूने लेबल वाचलं, ३ वर्षं बार्बाडोस आणि ११ वर्षं इंग्लंड, साखर नाही. नाना तुम्ही फक्त बाटल्या मोजून सांगितलंत, मी थक्क झालो. घ्यायचं ठरवलंय. डिसेंबरात भरीताची वांगी आली की शेतातच उघडणार, त्याच दिवशी. आधी नुसती, मग दोन थेंब पाणी टाकून. नाना, आप्पा, तुम्ही रावेरला या, आणि बाई, तुम्ही वास घ्यायला तरी या.