मदत हवी आहे: बोआविस्ताचा २०००-०१ चा हंगाम

मंडळी, पोर्तुगालच्या फुटबॉल लीगमधला २०००-०१ चा हंगाम कुणी नीट पाहिलाय का? बेनफिका, पोर्तो, स्पोर्टिंग या तिघांना बाजूला सारून बोआविस्ता चॅम्पियन झालं तो. तिघांबाहेरचं असं दुसरं विजेतं नाव एकच, १९४५-४६ चं बेलेनेन्सेस. बेनफिका तर त्या वर्षी चक्क सहावं!

मी तुकड्यातुकड्यांत क्लिप्स पाहतोय. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची ती जर्सी, बेसाचं घरचं मैदान, आवेसला ३-० हरवून एक सामना शिल्लक असतानाच पक्कं झालेलं विजेतेपद. शेवटच्या सामन्यात मात्र पोर्तोकडून ०-४. गुण ७७ विरुद्ध ७६! नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटावं, थोडक्यात वाचले.

माझी अडचण अशी, की प्रशिक्षक जाइम पाशेकोचा हा संघ नेमका खेळायचा कसा ते क्लिप्समधून कळत नाही. गोल तेवढे दिसतात, बचाव कुठे दिसतो? पूर्ण सामने कुठे मिळतील? आणि गोव्यातल्या कुणाच्या घरी पोर्तुगीज येणारं वडीलधारं माणूस असेल, तर दहा मिनिटांची कॉमेंट्री ऐकून सांगाल का? फाइल पाठवतो. आवाज जरा खरखरतो, आधीच सांगून ठेवतो.