तुमची श्रद्धा कधी हलली? बडोदेकरांनो, अनुभव सांगा

मंडळी, गेल्या आषाढात आई गेली. दहाव्याला विश्वामित्रीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या कडुलिंबावर चार-पाच बसलेले, पण एकही खाली उतरला नाही. भाऊ हात जोडून म्हणत राहिला, "बाबांना आम्ही सांभाळू, काळजी करू नकोस." तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येऊन देवापुढे दिवा लावला, पण मन लागेना. आईची काही इच्छा राहिली होती का, हे कुणालाही खरोखर कळू शकतं का? वाद नको, स्वतःवर आलेलं लिहा.

*

रावपुऱ्यातून

ताई, मी संस्कृत शिकवायचो. नोकरीत असताना 'तत्त्वोपप्लवसिंह' हाती आलं. १९४० साली आपल्या बडोद्यातच, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापलेलं. कर्ता जयराशी भट्ट, हजार वर्षांहून जुना. प्रत्यक्ष पाहिलेलं, अनुमान, शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं किंवा ग्रंथाचं सांगणं, असं एकेक प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान मिळवायचं साधन, तो उचलतो आणि विचारतो, हे चुकत नाही कशावरून? ते सांगायला दुसरं प्रमाण लागतं, त्याला तिसरं. महिनाभर संध्येला बसलो की आचमनाचं पाणी तळहातावर तसंच राहायचं. सावरलंही त्याच पुस्तकाने. जयराशी वेद मानत नव्हता, जैनांचं मतही मानत नव्हता, तरी त्याची ताडपत्रं पाटणच्या जैन भांडारात शतकानुशतकं जपली गेली. आपलं मत खोडणारा माणूस त्यांनी सांभाळला! संध्या मी पुन्हा सुरू केली, शंकेसकट.

*

दांडिया बाजारातून

अरविंद घोष १९०८ मध्ये बडोद्यात योगी विष्णु भास्कर लेल्यांजवळ ध्यानाला बसले आणि तीन दिवसांत मन निःशब्द झालं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. मी वर्षभर दर गुरुवारी अरविंद निवासात जाऊन बसले. तसं काही झालं नाही. त्यांचं खोटं म्हणवत नाही आणि माझं म्हणून सांगता येत नाही. "देव अनुभवाने कळतो" असं कुणी म्हटलं की आता मी विचारते, कुणाच्या?

*

मांजलपूरहून

सोळा वर्षांपूर्वी पूजा सोडली. बायको करते, मी आरतीला उभा राहत नाही. सुटल्यासारखं वाटतं, खरंच. लेकीच्या ऑपरेशनच्या रात्री मात्र ओठांवर रामरक्षा आली. ती मी थांबवली नाही.

*

कारेलीबागेतून

ताई, तुमचं वाचून पहिल्यांदाच हे लिहितोय. आमच्या वडिलांच्या दहाव्याला पान ठेवून मागे सरकतोय तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, भाग्यवान, तृप्त होऊन गेले. काकूंनी तर डोळे पुसले. शेवटचे आठ दिवस मी त्यांच्या उशाशी होतो. घर सोडून गेलेल्या धाकट्याचं नाव घेत होते, दार वाजलं की मान वळवत होते. तो आला नाही. मी तिथे कुणालाच काही बोललो नाही.