शनिवारचं शूटिंग : अंधार कुठून आणायचा?

मंडळी,
शनिवारी २१ जून. हॉलमागे आपल्या भुताच्या फिल्ममधला मुंज्याचा सीन. लंडनात सूर्य मावळणार ९.२१ ला, नीट काळोख साडेदहानंतर. फाटक दहाला बंद. मुंज्या नऊ वर्षांचा, त्याची आई नऊनंतर सोडत नाही. गणपतीत दाखवायचंय, म्हणजे हिवाळ्यापर्यंत थांबता येत नाही. सुचवा.
– बंड्या

> सुचवा.
मुंज्या पिंपळावर असतो. तू मेपल निवडलंयस. आधी ते बघ.
– नाना

नाना, पिंपळ एकच, काकूंच्या कुंडीत. दीड फूट. त्यावर पोरगं बसवू?
– ताई

माझ्या पिंपळाला कुणी हात लावायचा नाही. नाटकाला तुळस नेलीत, परत आली ती काडी होऊन.
– काकू

बंड्या, दिवसाच रात्र कर. उन्हात, सूर्य नटांच्या पाठीमागे. फोनवर एक्स्पोजर लॉक करून दोन स्टॉप खाली, म्हणजे चित्र काळोखं, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विन, की सगळं निळसर दिसतं. आभाळ फ्रेममध्ये अजिबात नको, तिथेच बिंग फुटतं. हॉलच्या आतल्या सीनला शटर १/५० ठेव, इथली वीज ५० हर्ट्झची. नाहीतर दिवे लुकलुकतात; गेल्या रविवारच्या फुटेजमध्ये हडळीपेक्षा ट्यूबलाइटच जास्त भीती घालतेय. आणि कंदील उडव. उन्हात तो पेटलाय की विझलाय कळत नाही.
– अप्पा

कंदील उडवून कसं चालेल? सोडमुंज करा म्हणून मुंज्या भटजींच्या मागे लागतो, भटजी म्हणतात "शनिवार बुक आहे" आणि कंदील फुंकतात. सगळा हशा त्या फुंकरीवर आहे.
– बंड्या

सोडमुंजीआधी गेलेला तो मुंज्या, हे पोरांना कुणी समजावणार का? आमच्या आजोळी, मालवणकडे, देवचार. वाईट नव्हे, राखणदार. रात्री त्याच्या काठीचा आवाज यायचा, आजी म्हणायची, "झोप, तो फेरी मारतोय." त्याला विनोदात घेऊ नका एवढीच विनंती.
– भाऊ

भाऊ, देवचार स्क्रिप्टमध्ये नाहीच. वाचली का?
– ताई

रक्ताचं काय ठरलं? मागच्या खेपेला गोल्डन सिरप आणि लाल रंग होता, उपरण्यावरचे डाग अजून आहेत. यंदा त्यात दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण घाला, धुतल्यावर बऱ्यापैकी निघतं. चिमूटभर कोको, नाहीतर रूह अफजा दिसतं. तोंडात मात्र कुणी घेऊ नका. धोतराच्या पेटीची किल्ली माझ्याकडे आहे, विचारल्याशिवाय मिळणार नाही.
– माई

माई, पेटी कमिटीची आहे.
– नाना

मग गेल्या वर्षी इस्त्री कमिटीने केली होती का?
– माई

ठरलं. शनिवारी दुपारी चार, झाडाखाली, अप्पांच्या पद्धतीने. कंदिलाची फुंकर आत, स्टोअररूममध्ये, खिडकीला काळं ब्लँकेट लावून. ब्लँकेट कुणाकडे आहे?
– बंड्या

चार वाजता त्याची गणिताची शिकवणी असते. साडेपाचपर्यंत.
– मुंज्याची आई