पावसाळ्यात घाटात जायचं तर कधी, कुठून, कसं? (अनुभव धागा)

गारवा
वरंधा घाटातली वाहतूक पावसाळ्यापुरती बंद झाल्याची बातमी परत वाचली आणि घरोघरचा जुना वाद आठवला: जुलैत जायचं की सप्टेंबरात? म्हणून हा धागा. ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहा. 'खूप मज्जा आली'वाले फोटो दुसऱ्या धाग्यावर टाका. :)

सुरुवात मीच करते. तारीख ठरवण्याआधी डोंगराची बाजू ठरवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पाऊस पडतो. जेमतेम वीस किमीवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि वाईला तर हजाराच्या आत. त्यामुळे जुलैत मुक्काम वाईला किंवा पाचगणीला करावा, वर दिवसा जाऊन यावं. अंथरूण कोरडं राहतं, कपडे वाळतात, लहान मुलं आजारी पडत नाहीत. आंबोलीचंही तेच. वर कोंदट वाटत असेल तर आजऱ्याला राहा.

ढगफुट्या
वा, योग्य धागा. अंदाज कसा वाचायचा ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक नुसता इशाऱ्याचा रंग बघतात.

'जोरदार' म्हणजे 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी, 'अति जोरदार' 115.6 ते 204.4, त्याच्या वर 'अत्यंत जोरदार'. हे 24 तास सकाळी साडेआठला संपतात. म्हणजे मंगळवारचा म्हणून छापून येणारा आकडा बराचसा सोमवारच्या पावसाचा असतो.

दुसरं, हवामान खात्याच्या इशाऱ्यात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांचा 'घाट विभाग' वेगळा दिलेला असतो. पुणे पिवळं आणि पुणे घाट लाल असं सर्रास असतं. ताम्हिणीला जाणाऱ्यानं पुण्याचा रंग बघून उपयोग नाही.

तिसरं, बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशाकडून पश्चिमेला सरकायला लागलं की दोन-तीन दिवसांत आपले घाट झोडपले जातात. उलट मोसमी आस (उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा) हिमालयाच्या पायथ्याला गेली की इकडे उघडीप. जायचं ठरवायला हा काळ उत्तम. धबधबे वाहते असतात आणि रस्ते दिसतात. म्हणून दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा आणि कुठला ते बुधवारी ठरवा. चार दिवसांपलीकडचा अंदाज घाटासाठी मी तरी धरत नाही.

कर्जतकर_माई
नक्षत्रं विसरलात की काय? पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. पुष्य साधारण 19-20 जुलै ते 2 ऑगस्ट. आता मोठ्या दुर्घटनांच्या तारखा बघा. माळीण 30 जुलै 2014, तळिये 22 जुलै 2021, इर्शाळवाडी 19 जुलै 2023, महाडचा सावित्रीचा पूल 2 ऑगस्ट 2016. आणि मुंबईची 26 जुलै आहेच.

ढगफुट्या
माई, नमस्कार तुम्हाला! कारणही सरळ आहे. दीड महिना पाणी पिऊन माती तोवर भरलेली असते, तिच्यात आणखी मुरायला जागा नसते. त्यावर एका दिवसात 200-300 मिमी पडलं की उतार सुटतो. तेवढाच पाऊस जूनच्या मध्यात पडला तर बराचसा जिरतो. दरडीच्या गावांत, कड्याखालच्या होमस्टेत मुक्काम करायचा असेल तर हा पंधरवडा टाळाच.

बंड्या_पुणे३०
म्हणजे पावसाळ्यात पाऊस सोडून बाकी सगळ्या वेळी जायचं. कळलं.

गारवा
बंड्या, तू घरी बस आणि भजी तळ.

चाकरमानी
गणपतीला गावी जाणाऱ्यांनी हे वाचा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस सोडून. 2026 ला चतुर्थी 14 सप्टेंबरला. 12 तारखेची गाडी हवी तर 14 जुलैला सकाळी 8 ला लॉगिन होऊन बसा. खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, त्या सकाळी ओटीपीची वाट बघत बसलात तर गेलंच तिकीट.
रात्री 12 नंतर सुटणारी गाडी असेल तर तारीख पुढची टाकायची. इथे दरवर्षी लोक फसतात.

आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं. पूर्वी 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं, 2025 ला 15 जून ते 20 ऑक्टोबर होतं. गाड्या हळू चालवतात, जोराचा पाऊस असला तर ताशी 40 वर आणतात. परतीच्या बऱ्याच गाड्या सावंतवाडी-मडगावहून नेहमीपेक्षा लवकर सुटतात. तिकिटावरची वेळ बघा, मागच्या मे महिन्यातली डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका. मुंबईत उतरून पुढची गाडी पकडायची तर मध्ये चार तास हवेतच.

स्टिअरिंगवाला
रस्त्यानं जाणाऱ्यांसाठी. आधी टायर. नक्षी 1.6 मिमी ही कायद्याची किमान मर्यादा, पण ओल्या घाटात 3 च्या खाली गेलेला टायर धरत नाही. वायपरचं रबर मे अखेर बदला, उन्हानं कडक झालेलं असतं, काचेवर पट्टे उठतात.

काच आतून धुरकट झाली तर एसी चालू, झोत पुढच्या काचेवर, हवा बाहेरची घ्या. आतलीच फिरवत ठेवली तर चार माणसांच्या श्वासानं परत धुरकट होते. वायपर फिरवल्यावर साफ झाली तर धुरकटपणा बाहेरून आहे, म्हणजे एसीनं काच जास्त गार झालीय. तापमान वाढवा, झोत पायाकडे. हे दोन उलटे उपाय आहेत, लोक एकच करत बसतात.

धुक्यात अप्पर मारू नका, पांढरी भिंत दिसते. डिपर आणि फॉग लॅम्प. चारी इंडिकेटर चालू ठेवून गाडी चालवणं बंद करा हो! मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय काही कळत नाही.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल अजिबात नाही. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची.

पुलावरून पाणी *वाहत* असेल तर खोली कितीही कमी असो, थांबायचं. साचलेलं पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत असेल तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्ये गिअर बदलायचा नाही. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर जा म्हणजे सुकतात. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या विम्यात हे सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं.

मुक्ता_
एसीचं ते उलटसुलट पहिल्यांदाच नीट कळलं. धन्यवाद दादा. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणे मला माहीतच होतं.

बंड्या_पुणे३०
@मुक्ता_ सगळ्या नवऱ्यांना माहीतच असतं.

हिरडा
स्टिअरिंगवाल्याच्या मुद्द्यांना जोडून: दरडीची चिन्हं. वरून बारीक खडे सुटत असतील, कोरड्या उतारातून अचानक गढूळ पाणी यायला लागलं असेल, विजेचे खांब किंवा झाडं रस्त्याकडे कलली असतील, तर तिथे फोटोला थांबू नका. चहाची टपरीसुद्धा कापलेल्या डोंगराखाली असेल तर पुढची बघा.
आणि परतीचा दुसरा रस्ता आधीच ठरवा. कराड-चिपळूणला कुंभार्ली बंद झाला तर आंबा घाट, वैभववाडी-गगनबावड्याला करूळ बंद असेल तर भुईबावडा, तोही नसेल तर फोंडा. कागदावर लिहून ठेवा, कारण घाटात नेटवर्क नसतं. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला तरी चालेल, पण बंद रस्ता तो दाखवेलच असं नाही. एसटीच्या कंट्रोलरला विचारा, त्याला सगळं ठाऊक असतं.

सोनाली_ठाणे
15 ऑगस्टच्या सुट्टीला भंडारदरा करावं म्हणतोय. सोबत सासूबाई (गुडघे) आणि 4 वर्षांची लेक. चालेल का?

शेंडीचा_पाहुणा
@सोनाली_ठाणे नको ताई, 15 ऑगस्टला तर नकोच. गाड्यांची रांगच बघाल. त्याच आठवड्यात मंगळ-बुध काढा. कसारा, घोटी करून शेंडी गावात मुक्काम. सासूबाईंसाठी तळमजल्याची खोली आणि कमोड फोनवरच नक्की करा, 'सगळी सोय आहे' यावर विश्वास नको. अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो, पाऊस कितीही असो, तेव्हा आधी विचारून घ्या. घाटघरला कोकणकड्याकडे ऑगस्टात बहुतेक वेळा धुकंच. रोख पैसे ठेवा. वीज गेली की रेंज जाते, रेंज गेली की यूपीआय.

सोनाली_ठाणे
बापरे बरं झालं विचारलं. कमोडचं लक्षातच नव्हतं

पाणकोंबडी
धबधब्याखाली उतरणाऱ्यांनो, तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात असतो. पाणी मातकट झालं, काड्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जड झाला की पिशव्या-चपला न शोधता वर या. दोन-तीन मिनिटं मिळतात, कधी तीही नाही. आणि चढायचं ते काठाकडे, मधल्या खडकावर नाही. मधला खडक बेट होतो. धरणाखालच्या नदीत भोंगा वाजला तर त्याचा अर्थ 'बाहेर या' एवढाच. देवकुंडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात बंदी असते ती याचसाठी. 'गावातला मुलगा नेतो म्हणाला' हे उत्तर नाही.

आंबोलीप्रेमी
जळवांचं कुणी लिहिलंच नाही! आंबोली, कोयना, चांदोली, सगळीकडे. जाड मीठ सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करा, ओली करून बुटावर आणि मोज्यांवर फिरवा. पावसानं धुऊन जातं, अर्ध्या तासानं परत. पँट मोज्यात खोचा. चिकटलीच तर ओढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. साबणानं धुवा, पट्टी लावा.
बेडूक बघायला जून-जुलैची रात्र सगळ्यात चांगली. माहितगार माणूस बरोबर हवाच. टॉर्च मंद ठेवा, फ्लॅश नको, आणि पाय बघून टाका, कारण आंबोली टोड रस्त्यावरच बसलेला असतो.

दर्यावर्दी
आणि मासे खायला जून-जुलैत येऊ नका हो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद. सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याच्या होड्या पण पावसाळ्यात बंद, गेटवे-मांडवा लाँच बंद. भाऊचा धक्का-मांडवा रो-रो चालते, पण हवा बघून. येवा, पण सुक्या बांगड्यार समाधान मानूचा लागतला.

कर्जतकर_माई
मासे नसले तर शेवळं (रानभाजी) आहेत की! जूनच्या पहिल्या पावसात येतात, पंधरा-वीस दिवसच. पण काकडं (रानफळं) घातल्याशिवाय करू नका, घसा खाजतो. काकडं नाही मिळाली तर चिंच-आमसूल जास्त. पुढे टाकळा, भारंगी, कंटोली.

मुक्ता_
माई शेवळाची कृती टाका ना, दादरला वाटा किती महाग आहे माहितीये का

हिरडा
पुण्यात तर बघायलाच मिळत नाहीत.

सातारी_कंदी
कास पठारावर कुणी लिहिलं नाही का? ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर सुरुवात, पण मागच्या वर्षीच्या तारखा धरू नका. बहर पावसाच्या उघडिपीवर असतो. साताऱ्यातल्या माणसाला फोन करून विचारा 'तेरडा आला का'. गुलाबी झालं म्हणजे जा. शनि-रवि नकोच. प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन आधी करा, रोजची संख्या ठरलेली असते. सकाळी नऊ-दहाला थोडं ऊन पडेल असा दिवस बघा. दाट धुक्यात गेलात तर दहा फुटांपलीकडे काही दिसत नाही आणि सीतेची आसवं (इवलीशी फुलं) शोधायला तर गुडघ्यावरच बसायला लागतं. फुलांत पाय नको.

ढगफुट्या
परतीच्या पावसाबद्दल राहिलं. जुलैत दिवसभर संततधार असते, विजा फारशा नसतात. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर उलटं: सकाळी कडक ऊन, दुपारी तीननंतर ढग चढतात आणि विजा. जून सुरुवातही तशीच. म्हणून ऑक्टोबरात कळसूबाईसारखं उघडं शिखर असेल तर पहाटे निघा, बाराच्या आत माथा सोडा. विजांचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप टाकून ठेवा. शिडीजवळ, एकट्या झाडाखाली थांबू नका.

गारवा
हे फार महत्त्वाचं. लोकांना वाटतं ऑक्टोबर म्हणजे सुरक्षित.

बंड्या_पुणे३०
एक खरा प्रश्न. ओले बूट रात्रीत कसे वाळवायचे? होमस्टेत गीझर पण नसतो.

स्टिअरिंगवाला
गाडीच्या हीटरचा झोत पायाकडे ठेव आणि बूट तिथे.

शेंडीचा_पाहुणा
आतला सोल बाहेर काढ, नाड्या सैल कर, वर्तमानपत्राचे बोळे टाचेपासून कोंब. पहिले अर्ध्या तासात बदलायचे, नंतर दोन-दोन तासांनी. चुलीजवळ ठेवू नकोस, तळव्याचा गोंद सुटतो. चार-पाच जुने पेपर घरूनच प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन ये, गावात पेपर दुपारी येतो आणि तो वाचून झाल्याशिवाय कुणी देत नाही.